यादवभाभींसाठी नानांचा निरोप

गल्लीतल्या साऱ्या बायामाणसांनो, पुण्याहून आलेले नानांचे चिरंजीव, सूनबाई, सगळ्यांना नमस्कार. मी सारी उमर एसटीत कंडक्टर होतो. भरल्या गाडीत मागच्या सीटपर्यंत माझा आवाज जायचा. आज तो पहिल्या रांगेपर्यंत तरी जाईल की नाही, माहीत नाही. सांभाळून घ्या.

नाना गेले. अग्नीही पुण्यातच दिला. त्यांना खांदा द्यायचं आपल्या नशिबी नव्हतं. म्हणून त्यांच्याच ओट्यासमोर ही सतरंजी टाकली.

या ओट्यावर रोज संध्याकाळी आमची बैठक. विषय काय? सारेच. पुण्या-मुंबईचे फ्लॅट, भाजीतलं तिखट, देश. देशाचा विषय निघाला की नाना ताठ बसत. पंधरा ऑगस्टला झेंड्यासमोर त्यांचे डोळे भरून येत, ते तुम्ही पाहिलं आहे.

नाना कापसाची सरकी काढायच्या कारखान्यात, जिनिंगमध्ये होते. कापसाचे दिवस फिरले, जिनिंग बंद पडली, नाना घरी बसले. त्याच वर्षांत आपल्या वणीत कोळशाच्या खाणी वाढल्या, गल्लीत नवी माणसं आली. कोणी मारेगावकडून शेती सोडून, कोणी कोळशाच्या ट्रकवर कामाला, पार बिहारातून. नाना म्हणत, "पांढरं गेलं, काळं आलं. वणी आता आपली नाही राह्यली." खरं सांगू? राग कापसाचा होता. निघत होता माणसांवर.

मी चिडवायचो, "नाना, देश आपला म्हणता, मंग त्यातले लोक कोणाचे?"

"तू तिकीट फाड," म्हणत.

समोरच्या घरात यादवभाऊ राहायला आले. ट्रक चालवणारा माणूस, कोणाच्या अध्यात ना मध्यात. दिवाळीनंतर छटपूजा झाली की भाभी घरोघरी ठेकुआ वाटायच्या. कणीक, गूळ, तुपात तळलेला. नानांकडेही ताट यायचं. नाना ठेवून घ्यायचे, आणि ओट्यावर साऱ्यांना ऐकू जाईल असं सांगायचे, की आपण हे खात नाही, गायीला घातलं.

ते भाभींच्या कानावर गेलं. आपल्या गल्लीत काय लपतं? पुढच्या वर्षी ताट सगळीकडे गेलं, नानांकडे नाही.

मग नाना पुण्याला गेले. मुलानं हौसेनं नेलं, सुनेनं काही कमी पडू दिलं नाही. एका दुपारी मला त्यांचा फोन आला. सूनबाईंनी सांबारवडी, आपली कोथिंबिरीची, केली होती, आणि नाना ताटली घेऊन शेजारच्या दारी गेले होते. दार अर्धंच उघडलं. आम्ही बाहेरच्यांचं घेत नाही, असं ऐकू आलं, आणि दार लागलं. नाना ताटली धरून तिथंच उभे राहिले.

मग म्हणाले, "अबे, गायीले कोण घालते? मीच खात होतो. सारे. दार लावून."

मी हसलो. ते हसले नाहीत. "त्या वर्षी ताट नाही आलं, तं संध्याकाळपर्यंत दारात उभा होतो मी. मांगायले तोंड कुठं होतं?"

भाभींना फोन देतो, बोलून टाका, असं मी म्हणालो. नाना म्हणाले, "फोनवर कायले? दिवाळीले येतो, छटपूजेपर्यंत थांबतो. त्यांच्या घरी बसून तोंडानं मांगून खाईन. तू मधात बोलू नको."

मी बोललो नाही. त्यांना शब्द दिला होता. आणि दिवाळीच्या आधीच नाना गेले.

किती सोपं काम होतं, लोकहो. गल्ली ओलांडायची होती. पुण्याहून येऊन ती ओलांडणार होते. माणूस एवढं काहून लांबवते? मला याचंच वाईट वाटतं. नाना गेले त्याहून जास्त वाटतं.

यादवभाऊ, भाभी, तुम्ही मागं उभे आहात. पुढं या. इथं, घरच्यांसोबत. नानांचं बोलणं माझ्या तोंडून ऐकावं लागलं, माफ करा. भाभी, गायीला एक तुकडासुद्धा गेला नाही.

आता सगळे उभे राहू. दोन मिनिटं कोणी बोलू नका. भाभी रडतील, त्यांना रडू द्या.