अपूर्णांक आणि छपरावरची म्हैस

मंडळी, ऐका. पोर नापास झालं, तर नापास नेमकं कोण झालं? मला ठामपणे सांगता येत नाही, म्हणून गोष्ट सांगतो.

कोळवाडीचे हिंगमिरे गुरुजी भला माणूस. एकोणीस वर्षं चौथीला अपूर्णांक शिकवत होते आणि एकोणीस वर्षं चौथी अपूर्णांकात आडवी होत होती. गावानं काय कमी उपाय केले? भिंती रंगवल्या, फळा पूर्वेला फिरवला, पोरांना भिजवलेले बदाम चारले. वजनं दोन-दोन किलो वाढली. गुण? जागच्या जागी!

मग वरून पत्र आलं — सोमवारच्या चाचणीत निम्मी मुलं पास झाली नाहीत, तर शाळा बंद. पोरांनी नदीपलीकडं जावं. गुरुजी फळ्याकडं वळले. त्यांनी फळाभर अपूर्णांक लिहिले.

"समजलं का?"

"हो, गुरुजी." सतरा गळे, एक सूर.

आज पहिल्यांदाच गुरुजींना शंका आली. म्हणाले, "छपरावर म्हैस बसलीय आणि ती अंडी उबवतेय. समजलं का?"

"हो, गुरुजी."

दोघांनी तर वहीत उतरवून घेतलं. एकानं विचारलं, "अंडी किती, ते पाठ करायचं का?"

तुम्ही हसताय, मंडळी. गुरुजींना हसू आलं नाही. ते पोरांत खाली बसले. शेजारी शेवंता होती. "का गं, कळत नाही तर 'नाही' का म्हणत नाहीस?"

"नाही म्हटलं की तुम्ही परत तेच सांगता, गुरुजी. नुसतं मोठ्यानं."

एकोणीस वर्षांचा घसा एका वाक्यात बसला!

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी फळ्याकडं पाठ केली आणि डब्यातली भाकरी काढली. "दोघांत वाटा." वाटली. "आता दुसरी, चौघांत."

शेवंता म्हणाली, "म्हणजे खालचा आकडा वाढला की तुकडा लहान? मग आधी का नाही सांगितलंत?"

गुरुजी सोमवारपर्यंत रोज भाकरी वाटत राहिले, स्वतः उपाशी.

सतरापैकी चौदा पास. शाळा राहिली. गाव हार घेऊन आलं, तर गुरुजी कुठं? उरलेल्या तिघांपैकी एकाच्या दारात. बापानं पोराचा कान धरला होता. गुरुजी म्हणाले, "सोडा त्याला. मलाच अजून नीट सांगता आलेलं नाही."

मंडळी, हे वाक्य आपण आपल्या लेकराला कधी म्हटलंय? आज घरी जाऊन म्हणून पाहा. जीभ अडखळेल — माझीही अडखळते. पण ते म्हणणाऱ्याच्या ओठांवर देवाचं नाव जरा जास्त शोभतं. म्हणा, विठ्ठल विठ्ठल.