एका शेअरचा मालक

ईश्वर : ...कारण नोकराला न्याय मागावा लागतो, मालकाला तो घेता येतो. म्हणून मी आज या कंपनीचा मालक आहे.

कौस्तुभ : एका शेअरचे, काका.

ईश्वर : मालकी ही मोजायची गोष्ट नाही.

कौस्तुभ : आमच्या ब्रोकरच्या ऑफिसात दिवसभर तेच मोजतात.

गिरिजा : कौस्तुभ, तू पोहे खा. हे भाषण सकाळपासून चाललंय. दूधवाला पण ऐकत उभा राहिला, आणि बिल न मागताच गेला.

कौस्तुभ : काकू, मी त्यासाठीच खालून वर आलो. सीरियसली सांगतोय, विश्वामृत केमिकल्स दोनशे तरी घ्या. व्हीआरएसचे पैसे पोस्टात नुसते झोपलेत.

गिरिजा : कंपनी बरी आहे का पण?

कौस्तुभ : बरी? कर्ज जवळजवळ नाही, डिव्हिडंड एकदाही चुकवला नाही, क्लोरीनला मागणी आहे. आणि दोन वर्षांत मार्जिन असलं भारी वाढलंय ना!

ईश्वर : कशाने वाढलं?

कौस्तुभ : मॅनपॉवर कॉस्ट कमी केली त्यांनी.

ईश्वर : म्हणजे मला.

कौस्तुभ : तसं नाव नाही लिहिलं, काका. रिपोर्टमध्ये 'मनुष्यबळाची पुनर्रचना' म्हटलंय.

ईश्वर : वा. सव्वीस वर्षं तिथे राबून शेअरला जेवढा उपयोगी पडलो नाही, तेवढा बाहेर पडून पडलो.

कौस्तुभ : राग बाजूला ठेवून बघा ना. स्टॉक म्हणून बघा.

ईश्वर : बघतो. क्लोरीन गळायला लागला तेव्हा मी हरिश्चंद्रला फोन केला. म्हटलं, साहेब, प्लांट बंद करतो. तो म्हणाला, शिफ्ट संपेपर्यंत चालव, ऑर्डर जायचीय. चौकशीत म्हणाला, मला फोन आलाच नाही. ठपका माझ्यावर, व्हीआरएसच्या कागदावर सही माझी, आणि तो आता डायरेक्टर. माझ्या पाळीतला, मुर्धे गावचा राघो तेव्हा माझ्या शेजारी उभा होता. आज त्याला घरून बस-स्टॉपपर्यंत जायचं तर वाटेत दोनदा बसावं लागतं. हे तुझ्या रिपोर्टमध्ये कुठल्या पानावर आहे?

कौस्तुभ : नाहीये.

गिरिजा : आणि आईबापांनी नाव काय ठेवलं, तर हरिश्चंद्र.

ईश्वर : त्यांची चूक नाही. बारशाला पोर बोलत नसतं.

कौस्तुभ : मग कंपनीच्या वार्षिक सभेत नक्की काय करणार तुम्ही?

ईश्वर : उभा राहणार आणि एकच विचारणार. फोन आला होता की नाही? भरल्या सभेत, भागधारकांसमोर. मला त्याला घाम फुटलेला बघायचाय. ते एसी हॉल घेतात, तरीही. बरं, तू एवढा अभ्यास केलायस तर सांग, माझ्या प्रश्नाने शेअर किती पडेल?

कौस्तुभ : फार तर एखादा टक्का. जेवणाच्या वेळेपर्यंत परत जागेवर.

ईश्वर : बस?

कौस्तुभ : मार्केटला वास येत नाही, काका.

गिरिजा : असं करू. आधी यांना विचारू दे. भाव पडला की पटकन दोनशे घेऊ.

ईश्वर : गिरिजा! वैऱ्याच्या घरात पैसे?

गिरिजा : स्वस्तात मिळाले तर का नाही? तुमचा सूड होईल आणि आपल्या पोरीच्या, सुरुचीच्या लग्नाची सोयही.

कौस्तुभ : काकू, तुम्ही आमच्या ऑफिसात जॉइन व्हा. काका, ती सभेला न्यायची स्लिप आलीय ना? बघू... ही काकूंच्या नावावर आहे.

ईश्वर : छापणाऱ्याची चूक असेल.

कौस्तुभ : नाही. तो डीमॅटचा फॉर्म मी इथेच बसून भरला होता. तुम्हीच म्हणालात, 'असल्या जुगाराला ईश्वर म्हसळेकरचं नाव लागणार नाही.' मग काकूंचं लावलं.

ईश्वर : म्हणजे मालक?

कौस्तुभ : काकू.

गिरिजा : अगं बाई.

कौस्तुभ : तुम्हाला प्रॉक्सी म्हणून जाता येईल, त्यांच्या जागी.

ईश्वर : मग झालं तर.

कौस्तुभ : फक्त प्रॉक्सीला सभेत बोलता येत नाही. कायदाच तसा आहे.

ईश्वर : नोकर होतो तेव्हा निदान फोन तरी करता यायचा.

गिरिजा : मी जाते. मी विचारते.

ईश्वर : तुला माइकची सवय नाही.

गिरिजा : टाकीच्या पाण्यावरून सोसायटीच्या सेक्रेटरीला खुर्ची कोणी सोडायला लावली? तुम्ही तेव्हा जिन्यात उभे होता. आणि तुमचा सूड दोन वर्षं चाललाय ना, तो कंपनीवर नाही, माझ्यावर चाललाय. आमटीत मीठ कमी पडलं तरी हरिश्चंद्र! मला एकदा बघायचाच आहे तो माणूस.

[सभेच्या दिवशी संध्याकाळी, त्याच घरात.]

कौस्तुभ : काय झालं? शेअर तर चार रुपये वर बंद झालाय.

ईश्वर : मालकिणीला विचार. मला आत घेतलं नाही. सिक्युरिटीवाला म्हणाला, "अंकल, मॅडम के साथ आए हो तो सोफे पे बैठो." काचेच्या दारातून जेवढं दिसलं तेवढं बघितलं.

गिरिजा : अरे, आधी एक जण उठला, त्याने चेअरमनना शेर ऐकवला. मग एक बाई उठल्या. म्हणे, मागच्या वर्षी नाश्त्याच्या पाकिटात दोन ढोकळे होते, यंदा एकच, मग नफा गेला कुठे? सगळ्यात जास्त टाळ्या त्यांना.

कौस्तुभ : आणि तुम्ही?

गिरिजा : तिसरी मी. माइक घेतला आणि म्हटलं, "क्लोरीन गळत होता तेव्हा माझ्या नवऱ्याचा फोन तुम्हाला आला होता की नाही? राघोच्या देखत केला होता. मी राघोला भेटून आलेय."

कौस्तुभ : बाप रे! मग?

गिरिजा : तो पाणी प्यायला.

ईश्वर : प्यायला! दोनदा!

गिरिजा : एकदाच. तुम्हाला काचेतून दोन दिसले असतील. मग चेअरमन म्हणाले, "ताई, आपली मौल्यवान सूचना आम्ही नोंदवून घेतली आहे," आणि माइक पुढच्याकडे. मी म्हणतेय, अहो सूचना नाही, प्रश्न आहे! पण माझा आवाज कुठला पोचायला? मग मी हात वर केला आणि तसाच धरून ठेवला. म्हटलं, उत्तर देत नाही तोवर खाली घेणार नाही.

ईश्वर : कौस्तुभ, काय सांगू तुला. अख्ख्या हॉलमध्ये तो एकच हात. सव्वीस वर्षांत माझ्यासाठी युनियननेसुद्धा वर केला नव्हता. आणि मग हिच्याकडे बघून आणखी एक वर आला, मग दोन, मग सगळेच! हॉल आपल्या बाजूने झाला. मी सोफ्यावरून उठून उभा राहिलो.

कौस्तुभ : सगळ्यांनी हात वर केले?

गिरिजा : सगळ्यांनी. मग मात्र दखल घ्यावीच लागली त्यांना. चेअरमननी माझ्याकडे बघून मान डोलावली, आणि एक मुलगी वही घेऊन धावत आली. नाव विचारलं, नंबर विचारला. मी म्हटलं, पूर्ण लिही हं, गिरिजा ईश्वर म्हसळेकर. ईश्वर गाळू नकोस.

ईश्वर : बघ. त्यांच्याच दप्तरात, माझं नाव.

कौस्तुभ : काकू, ती मुलगी आली तेव्हा स्टेजवर काय चाललं होतं?

गिरिजा : इंग्लिशमध्ये वाचत होते काहीतरी. चार नंबरचं. त्यात हरिश्चंद्रचं नाव आलं, म्हणून तर मी हात आणखी उंच केला.

कौस्तुभ : चार नंबर म्हणजे ठराव. ठरावाला एक सूचक लागतो आणि एक अनुमोदक. ज्याचा हात आधी दिसतो त्याचं नाव लिहून घेतात. बाकीचे हात म्हणजे ठरावाच्या बाजूची मतं.

गिरिजा : म्हणजे मी काय केलं?

कौस्तुभ : अनुमोदन दिलंत.

ईश्वर : कशाला?

कौस्तुभ : हरिश्चंद्रांच्या फेरनेमणुकीला. एकमताने झाली. पाच वर्षांसाठी.