जोडायला जागा

बायपास करताना माझी बायको गेली, हे डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितलं. मी बाकावर तसाच बसून राहिलो. शेजारी एक नवरा-बायको बोलत होते.

“हृदयाच्या नसेत आधीच दोन स्प्रिंगा घातल्यात तुमच्या, ते स्टेंट का काय. आता तिसरी कशाला?”

“अगं, बायपास काय, नंतरही करता येईल म्हणाले आपले डॉक्टर.”

“आणि नसेत सगळ्या स्प्रिंगाच, नवी नस जोडायला जागा नाही, असं तेव्हा सर्जन म्हणाला तर?”

“काढतील की त्या.”

“केसातल्या पिना आहेत का काढायला? आतच राहतात त्या! आधी सर्जनला विचारा.”

“आपल्या डॉक्टरांना राग येईल.”

“येऊ दे. राग उतरतो, स्प्रिंगा निघत नाहीत.”

आमच्या हिला चार होत्या. जोडायला जागा मिळाली होती का, हे मी सर्जनला अजून विचारलेलं नाही.