कॅफेतला हेडफोन

तुम्ही नेहमी विचारता ना, आमची सई हातांनी बोलायला कुठं शिकली? देवळाली कॅम्पातल्या सायबर कॅफेत!

तिला ऐकू येत नाही हे कळलं, तेव्हा ती तीन वर्षांची होती. अशा मुलांच्या आयांसाठी परदेशातला फुकट कोर्स इंटरनेटवर असतो, तो कॅफेवाल्या दादांनी शोधून दिला. मी वही-पेन घेऊन बसले. पण कोर्स सगळा इंग्रजीत, आणि मी सातवी शिकलेली.

दादांनी विचारलं, "ताई, कळतंय का?"

"जरा आवाज वाढवा," मी म्हटलं. जसं काही मोठ्यानं सांगितलं की इंग्रजी कळणारच होतं!

हेडफोन कानांवर दाबून ऐकत राहिले, वही कोरीच राहिली. मलाच जमलं नाही तर पोरीला कोण शिकवणार, या विचारानं डोळे भरून आले. तेवढ्यात मांडीवरच्या सईनं माझी हनुवटी ओढली आणि स्वतःचा अंगठा ओठांशी नेला. पडद्यावरची बाई पेला दाखवून तशीच खूण करत होती.

सईनं पहिल्यांदाच न रडता पाणी मागितलं होतं.

तिला पाणी पाजलं आणि हेडफोन दादांना परत दिला. म्हटलं, "राहू द्या. आता मीपण हिच्यासारखंच बघते."