आंटींना सांगितलेलं औषध

लखनौत गोमती नगरहून महानगर भागात जाणाऱ्या ई-रिक्षात माझ्या समोरची दोघं मराठीत बोलत होती. मला ती भाषा कळत असेल असं त्यांना वाटलं नसावं.

"रुचा, तुझ्या घरमालकीणबाईंनी केमो का सोडली?"

"माझ्यामुळे."

"म्हणजे?"

"लॅबमध्ये काय करता, असं आंटींनी विचारलं. मी म्हटलं, कॅन्सरच्या पेशींना ताकद पुरवणारे मायटोकाँड्रिया आम्ही बंद पाडतो. मग त्या पेशी मरतात."

"लॅबमधल्या काचेच्या डिशमध्ये मरतात, रुचा. माणसाच्या शरीरात नाही."

"ते मी सांगितलंच नाही."

"का पण?"

"त्यांचा चेहरा असा खुलला होता ना, धैर्यशील. 'दवा कब आएगी, बिटिया?' म्हणाल्या. मी म्हटलं, बस, आती ही होगी."

"अगं, दहा वर्षंसुद्धा पुरणार नाहीत!"

"माहीत आहे रे. काल त्यांचा मुलगा जिन्यात भेटला. मम्मी केमोला जायला तयार नाही, तुमची दवा मिळेल ना, म्हणाला. मी मान खाली घालून वर निघून गेले."

"लॅबच्या सरांना सांगितलंस?"

"कुठल्या तोंडाने सांगू?"

"आंटींना तरी सांगशील ना आज?"

"त्यासाठीच चाललेय. भैया, कपूरथला चौराहे पे रोकना."

"मी खालीच थांबतो. तुम्ही दोघी नीट बोला."

"नको, तू वर चल. त्या रडायला लागल्या, की मी पुन्हा काहीतरी गोड बोलेन."