बारा पाऊणे नऊ

तुम्ही म्हणता मी कुणाशीही भांडतो. समुद्राशी भांडलो, ते ऐका.

दुपारी व्याही सुकापूरला आमच्याकडे जेवायला येणार होते. मासे मी स्वतः पकडून आणतो, असं बायकोला बजावून मी पहाटे उरणच्या खाडीत गेलो. होडीवाले धर्मादादा म्हणाले, "आज बारस, बारावी तिथ. तिथीची पाऊणपट केली का भरतीची येल. बारा पाऊणे नऊ. नवाला भरती, मंग पानी उतरनार. दहाला निंगू."

माझा मोबाइल अकराची भरती सांगत होता. "तिथीला शास्त्रीय आधार काय?" म्हणत मी त्यांना नांगर उचलूच दिला नाही. मी आधार मागत राहिलो आणि होडी अलगद चिखलावर टेकली. मग दिसलं, मोबाइलवर भलत्याच बंदराचं पान उघडं होतं.

"आता?"

"सांजच्याला पानी येल. बसा."

ओली खाडी चंदेरी झाली होती. बगळे आपल्याच प्रतिबिंबांवर पाय ठेवत चालले होते. तीस वर्षं बातमीदारी केलेला मी बगळे मोजत बसलो.

बायकोचा फोन आला. "व्याही पानावर बसलेत. मासे कुठायत?"

मी फोन दादांकडे दिला.

"वैनी, मासं पान्यासंगट गेलं. आमाला गावला तो येकच, तुमचा सायेब. सांजच्याला आनतो."