कानोसा

नगरपालिकेच्या खिडकीपुढची रांग मुंगीच्या पावलांनी सरकत होती. रांगेत उभ्या असलेल्या एका नर्सबाईंच्या पुढे बिल्डरकडचा कारकून आणि एक आजी बोलत उभे होते. नर्सबाईंना ऐकू येतच होतं.

“कसले पैसे भरताय, दादा?”

“रहदारीचे, आजी. आमच्या नव्या बिल्डिंगींमुळे गाड्या वाढल्या ना, म्हणून पालिका शुल्क घेते. त्यातून सिग्नल बसवतात.”

“मग आमच्या वळणावर बसवा की! तुमच्या बिल्डिंगींच्या मागेच राहतो आम्ही.”

“तिथे नाही बसायचा. जिथे गाड्या अडतात, तिथेच बसवतात. पाहणी झालीय. तुमच्याकडे गाड्या सुसाट जातात, अडतच नाहीत.”

“तेच तर सांगायला आलेय मी. अडतच नाहीत.”

“म्हणजे?”

“आमच्या ह्यांना दिसत नाही. कानोसा घ्यायचे आणि रस्ता शांत झाला की ओलांडायचे. पलीकडे बाकावर मित्र बसतो त्यांचा. जन्मात कुणाला हात धरू दिला नाही.”

“आणि आता?”

“आताही रोज सकाळी काठी घेऊन निघतात. जेवायच्या वेळेला मी जाऊन घेऊन येते.”

“पलीकडून?”

“नाही हो. अलीकडूनच.”